परभाषेची धास्ती केवळ मुलींच्या नावावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत एक मत हमखास ऐकू येते. मुली अभ्यासात पुढे असतात, पण इंग्रजी बोलायचे म्हटले की बिचकतात. मुलांचा अभ्यास कमी असला तरी ती निदान धीट असतात, असे ते मत. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षे इंग्रजी शिकवते. हे मत अर्धवट आहे आणि त्याचा फटका मुली व मुले या दोघांनाही बसतो, असे मला अनुभवाने आणि वाचनाने पटले आहे. मुलींची भीती डोळ्यांना दिसते म्हणून आपण ती त्यांच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. मुलांची भीती दिसत नाही म्हणून ती नाहीच असे धरून चालतो. या विषयावर आपल्या दैनिकातून चर्चा व्हावी, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

परकी भाषा शिकताना वाटणारी भीती हा एकूण भित्रेपणाचा भाग नाही, ती वेगळी गोष्ट आहे, ही मांडणी इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोअ‍ॅन कोप या अमेरिकी अभ्यासकांनी १९८६ मध्ये केली. ही भीती मोजण्यासाठी त्यांनी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते हे विद्यार्थ्याने पाच पायऱ्यांवर सांगायचे आणि त्यातून ३३ ते १६५ च्या दरम्यान एक आकडा निघतो. बोलताना वाटणारा संकोच, परीक्षेची धास्ती आणि आपल्याविषयी इतरांचे मत वाईट होईल ही काळजी, हे तीन धागे त्यांनी या भीतीत पाहिले. गणिताचा पेपर शांतपणे सोडवणारी किंवा गॅदरिंगमध्ये हजार माणसांपुढे मराठीत भाषण ठोकणारी मुलगी इंग्रजीची चार वाक्ये बोलताना घामाघूम का होते, याचे उत्तर या मांडणीत सापडते. आपल्या भाषेत आपण जितके शहाणे असतो तितके परक्या भाषेत दिसू शकत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात, वर्गातल्या साठ-सत्तर जणांसमोर, असे कमी दिसणे फार बोचते.

आता मुलगे आणि मुली यांच्यातल्या फरकाकडे येते. गेल्या तीन-चार दशकांत जगभर हीच किंवा हिच्यासारखी प्रश्नावली वापरून शेकडो अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. दक्षिण कोरियातील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलींनी मुलांपेक्षा जास्त भीती नोंदवली; त्याच अभ्यासात मुलींना गुणही जास्त पडलेले दिसले. झाँ-मार्क देवाल आणि पीटर मॅकिन्टायर यांनी २०१४ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतील १७४६ भाषा शिकणाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा स्त्रियांनी भीती थोडी जास्त नोंदवली होती, पण भाषा शिकण्यातला आनंदही पुरुषांपेक्षा जास्त नोंदवला होता. उलट, अमेरिकेत जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या २००१ मधील अभ्यासात काझू किटानो यांना निराळेच चित्र दिसले. आपले बोलणे वर्गातल्या इतरांपेक्षा कच्चे आहे, असे ज्या मुलांना वाटत होते त्यांची भीती जास्त होती. मुलींच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. कितीतरी अभ्यासांत मुलगे आणि मुली यांच्यात दखल घेण्याजोगा फरकच सापडलेला नाही.

एवढ्यावरून मी असे म्हणत नाही की फरक मुळीच नसतो. फरक असतो, पण तो भीती कमी की जास्त यापेक्षा, ती कशाची वाटते आणि ती कशी बाहेर पडते यात असतो. शिवाय या प्रश्नावलीचा सगळा भार विद्यार्थी स्वतःविषयी काय कबूल करतात यावर आहे. ‘मला वर्गात बोलावले की छाती धडधडते’ या विधानासमोर खूण करणे आपल्याकडच्या मुलीला त्या मानाने सोपे जाते, कारण तिने घाबरलेले घरादाराला चालते. तीच खूण करताना मुलाचा हात अडतो. लहानपणापासून ‘पोरगा असून घाबरतोस काय’ हे ऐकत वाढलेला मुलगा कागदावरही घाबरल्याचे सहसा मान्य करत नाही. म्हणून मुलींचा आकडा मोठा आला की त्यातला किती भाग भीतीचा आणि किती प्रामाणिकपणाचा, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारायला हवा.

माझ्या वर्गात मी जे पाहते ते सांगते. अकरावीच्या पहिल्या महिन्यात उताऱ्याचे प्रकट वाचन असते. डावीकडच्या बाकांवर मुली, उजवीकडे मुले. मराठी माध्यमाच्या शाळेतून नव्वद टक्के मिळवून आलेली एक मुलगी उभी राहते आणि ‘लिसन’ या शब्दाचा उच्चार स्पेलिंगप्रमाणे ‘लिस्टन’ असा करते. उजवीकडून हसण्याचा आवाज येतो. ती वाचन पूर्ण करते, कारण सांगितलेले काम अर्धवट सोडायचे नाही हे तिच्या अंगात भिनलेले असते, पण त्यानंतर दिवाळीपर्यंत ती हात वर करत नाही. तिची वही मात्र पाहण्यासारखी असते. तोंडी परीक्षेत विचारले जाणारे संभाव्य प्रश्न, त्यांची इंग्रजी उत्तरे आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने देवनागरीत लिहिलेले उच्चार. ती हे सगळे पाठ करते. परीक्षकाने पाठ केलेल्यातलेच विचारले तर तिला वीसपैकी अठरा-एकोणीस मिळतात. ‘सकाळी कॉलेजला कशी आलीस’ असे साधे विचारले तर ती गप्प होते. चूक होऊ नये म्हणून ती न बोलण्याचा मार्ग पत्करते आणि आपण त्याला शिस्त समजून तिचे कौतुक करतो.

आता उजवीकडचे बाक. त्याच उताऱ्यासाठी एका मुलाला उभे केले की तो पुस्तकाकडे न पाहताच, हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत सांगून टाकतो, ‘मॅडम, अभ्यास नाही केला.’ वर्ग हसतो, तोही हसतो आणि खाली बसतो. हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की आपल्याला त्यात भीती दिसतच नाही. पण याच मुलाला तास संपल्यावर एकट्याला गाठून वाचायला सांगितले तर त्याचा आवाज पडतो, बोट ओळीवरून घसरते, मानेवर घाम येतो. अभ्यास केला आणि तरी येत नाही, असे चारचौघांत उघडे पडण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणे त्याला परवडते. मुलीला ही ढाल वापरता येत नाही. ‘अभ्यास नाही केला’ असे मुलगी म्हणाली तर घरापर्यंत निरोप जाईल, आणि ज्या घरात तिच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय दर उन्हाळ्यात नव्याने होतो तिथे असा निरोप जाणे तिला परवडणारे नाही. मुलगी घाबरून पाठांतर करते, मुलगा घाबरून सोडून देतो. बोलण्याचा सराव दोघांचाही होत नाही.

मुलांची ही लपलेली भीती पुढे हजेरीपटावर दिसते. तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारे, ‘मॅडम, नंतर घ्या ना’ म्हणून टोलवाटोलवी करणारे, पाणी प्यायला जाऊन नंबर निघून गेल्यावर परत येणारे विद्यार्थी मी पाहते तेव्हा त्यांत मुलेच जास्त असतात. बारावीनंतर इंग्रजी बोलावे लागेल या एका कारणाने मुलाखतीला न जाणारे माजी विद्यार्थी मला बाजारात भेटतात. शेतीत काम आहे, गाडी नव्हती, पगार कमी होता, अशी कारणे ते सांगतात. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही, आणि नेमक्या त्यामुळेच त्यांना मदतही मिळत नाही.

मराठवाड्यापुरती आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. इंग्रजी ही आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची दुसरी नव्हे, तिसरी किंवा चौथी भाषा असते. तांड्यावरचे लेकरू घरी गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलते, मराठी शाळेत येऊन शिकते, हिंदी टीव्हीवरून उचलते आणि मग इंग्रजीपाशी येते. परभणी, नांदेड, बीडच्या मोहल्ल्यांत दखनी बोलणारी मुलगी मराठी माध्यमात असेल तर तिची हीच गत. या मुलामुलींना नवी भाषा शिकता येत नाही असे कोण म्हणेल? त्यांनी मराठी शिकून दाखवलेलीच असते, आणि पुष्कळदा ती बाजारात, शेजारीपाजारी, चुका करत, कोणी लाल शाईने खुणा न करता शिकलेली असते. भाषेची भीती त्यांच्या रक्तात नाही. वर्गात भाषा ज्या पद्धतीने समोर येते त्यातून ती तयार होते. ऊसतोडीला आईवडिलांसोबत जाणाऱ्या मुलांचे ऐन हिवाळ्यातले महिने बुडतात आणि ती परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, ही अडचण तर मुलगे-मुली दोघांचीही आहे.

आपल्या भागाला परभाषेचा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त होईपर्यंत निजामी राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. मराठी घरांतल्या हुशार मुलांनाही वरचे शिक्षण घ्यायचे तर त्या भाषेतून घ्यावे लागे. त्या पिढीतील वडीलधारी माणसे उर्दूच्या तासाला आपली बोबडी कशी वळे हे सांगत असत. त्या वर्गांत मुली जवळपास नव्हत्याच. घाबरणारे सगळे मुलगेच होते, आणि म्हणून ती भीती बाईमाणसाची आहे असे कोणी म्हटले नाही.

या भीतीने नेमके काय बिघडते, हेही समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘थोडी भीती असावी, त्याशिवाय पोरे अभ्यास करत नाहीत’ असे मानणारे सहकारी मला भेटतात. मॅकिन्टायर आणि रॉबर्ट गार्डनर यांच्या संशोधनातून असे दिसले की ही भीती ऐकणे, समजून घेणे आणि बोलणे या तिन्ही टप्प्यांवर आड येते. परीक्षक प्रश्न विचारत असताना विद्यार्थ्याचे अर्धे लक्ष ‘आता माझे हसू होणार’ या विचारात गुंतलेले असते. प्रश्न पुरता कानावर पडत नाही, पडला तर शब्द आठवत नाहीत, आठवले तर वाक्यात बसत नाहीत. अनेक देशांतील ९७ संशोधन अहवालांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीती आणि भाषेतील यश यांच्यात मध्यम स्वरूपाचा उलटा संबंध आढळला, म्हणजे भीती जास्त तिथे यश कमी. भाषा कच्ची म्हणून भीती वाटते की भीतीमुळे भाषा कच्ची राहते, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. माझ्या मते वर्गात दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. कोरियातल्या त्या मुलींप्रमाणे आपल्याकडच्याही कितीतरी मुली ही भीती बाळगूनच चांगले गुण मिळवतात. म्हणून गुण चांगले आहेत, तेव्हा सगळे ठीक आहे, असा अर्थ पालकांनी काढू नये. ते गुण तिने कोणत्या दडपणाखाली मिळवले, आणि गुणपत्रिकेबाहेर ती बोलू शकते का, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आता इंग्रजीपुरता राहिलेला नाही. जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि त्यासाठी तरुणांना जर्मन भाषा शिकवण्याची योजना पुढे आली. नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय झालेली मुले यांच्यासाठी ही खरोखर मोठी संधी आहे. लातूर-नांदेडकडच्या नर्सिंग कॉलेजांतल्या मुली आज मोबाईलवर जर्मन अंक पाठ करताना दिसतात याचा मला फार आनंद वाटतो. पण जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण लागतात. वाचन-लेखनातले गुण संभाषणाच्या मदतीला येत नाहीत. ज्या मुलीने इंग्रजीची तोंडी परीक्षा बारा वर्षे पाठांतरावर निभावली आणि ज्या मुलाने ती टाळून निभावली, ती दोघे तिथे एकाच ठिकाणी अडतील. व्याकरणाचे तास वाढवून हे सुटणार नाही. अशा वर्गांचे नियोजन करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यापासून बोलण्याला वेळ ठेवावा आणि मधूनच क्लास सोडून जाणाऱ्या मुलांना नापास समजण्याआधी ती का गेली हे विचारावे.

काय करता येईल, याविषयी माझे म्हणणे साधे आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. अकरावीच्या सुरुवातीला या प्रश्नावलीतील काही विधाने सोप्या मराठीत करून, नाव न लिहिता, मुलगा की मुलगी एवढेच नोंदवून भरून घेतली तर प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गाची खरी परिस्थिती कळेल. मी हे करते. नाव नसले की मुलांच्या खुणाही बऱ्याच मोकळ्या होतात, असा माझा अनुभव आहे. प्रकट वाचनाला एकट्याला उभे करण्याआधी शेजाऱ्याबरोबर हलक्या आवाजात तोच उतारा एकदा वाचू दिला, तर उभे राहिल्यावरची निम्मी थरथर जाते. विद्यार्थी बोलत असताना प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. अर्थ पोहोचत असेल तर पुढे जाऊ द्यावे आणि उच्चाराच्या चुका तासाच्या शेवटी, कोणाचे नाव न घेता, सगळ्या वर्गासाठी फळ्यावर घ्याव्यात. हसणाऱ्यांना मात्र त्याच क्षणी थांबवावे. हे काम ‘मुलेच ती, हसणारच’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्या हसण्याने मुलीचा हात खाली जातो आणि हसणाऱ्यांपैकी निम्मे जण आपली पाळी येईल या धास्तीने हसत असतात.

तोंडी परीक्षेविषयी मंडळाला आणि शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. दहावीला लेखी ८० आणि तोंडी २० अशी इंग्रजीची विभागणी आहे, आणि या वीस गुणांकडे आपण सारेच निकालाला हातभार म्हणून पाहतो. सरसकट सतरा-अठरा गुण टाकून परीक्षा उरकली की घाबरलेला आणि न घाबरलेला, बोलणारा आणि पाठ केलेले म्हणणारा, सगळे सारखे होतात. कोणाची भीती कमी झाली आणि कोणाची वाढली, हे कळण्याचा एकमेव प्रसंगही हातचा जातो. त्याऐवजी विद्यार्थ्यांना जोडीने आत बोलवावे, विषय दिल्यावर दोन मिनिटे विचार करायला द्यावीत, एखादा प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातला विचारावा, आणि पहिल्या वेळी ज्याची जीभ अडखळली त्याला आठवड्याभराने दुसरी संधी द्यावी. परीक्षक ओळखीचा असावा की बाहेरचा, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते निदान दहावीला वर्गशिक्षकच असावा.

शिक्षणशास्त्राच्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत इंग्रजीच्या अध्यापनपद्धती शिकवल्या जातात, तिथे या भीतीवर सराव पाठासह एखादा घटक असावा, असेही मला वाटते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील आपल्या दोन्ही विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र व इंग्रजी विभागांनी आठही जिल्ह्यांतील मराठी आणि उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा यासाठी अभ्यास हाती घ्यावा, आणि त्यात मुलींचे आकडे काढताना परीक्षेला न आलेल्या आणि वर्ग सोडून गेलेल्या मुलांनाही घरी जाऊन विचारावे. कोरिया आणि अमेरिकेतील निष्कर्षांवरून आपल्या तांड्या-वस्त्यांवरच्या मुलामुलींविषयी किती दिवस अंदाज बांधायचे? या वर्षीच्या तोंडी परीक्षा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांनी इंग्रजीच्या शिक्षकांची एक बैठक घेऊन, मागील वर्षी तोंडी परीक्षेला कोण आले नाही आणि का, एवढी यादी जरी समोर ठेवली तरी कामाला सुरुवात करता येईल.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका
जिल्हा परभणी